निवृत्ती, अपंगत्व आणि मुलांची पोटगी: पेन्शन मोजली जाते का, आणि ती अडवता येते का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे पती राज्य शासनाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. दोघं २०१८ पासून वेगळे राहतात, घटस्फोट झालेला नाही. २०१९ मध्ये न्यायालयाने मुलासाठी दरमहा ८,००० आणि मुलीसाठी ६,००० रुपये पोटगी ठरवली. ती पगारातून कापून येते. मुलगा आता १९ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, ७५ टक्के प्रमाणपत्र. मुलगी १३ वर्षांची. गेल्या वर्षी पतीला अर्धांगवायूचा झटका आला, त्यांच्याकडे ५० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे. येत्या ३१ मेला ते ५८ व्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांचा निरोप असा: "पगार बंद, म्हणजे पोटगी बंद. पेन्शनला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही. आणि मीच अपंग आहे, तर मी कुणाला पोसू?" यातलं खरं किती, असं ताई विचारतात.

ताई, तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तुम्ही घाबरला आहात. पण तिन्ही मिळून जो अर्थ त्यांना काढायचा आहे, तो कायद्यात नाही. कौटुंबिक दाव्यांत मी २४ वर्षं काम करते आहे, आणि एप्रिल-मे आला की हाच निरोप घेऊन चार-पाच आया तरी माझ्याकडे येतात.

सगळा गोंधळ दोन प्रश्न एकत्र केल्याने होतो. पहिला प्रश्न, पेन्शन हे वडिलांचं उत्पन्न म्हणून मोजायचं की नाही. दुसरा, पैसे आले नाहीत तर ती पेन्शन थेट अडवता येते की नाही. पहिल्याचं उत्तर सरळ "हो" आहे. दुसऱ्याचं उत्तर पेन्शन कोणती यावर बदलतं. तुमचे यजमान दुसऱ्या प्रश्नातली अडचण दाखवून पहिल्याच प्रश्नाचं उत्तर "नाही" आहे असं भासवतात. हे दोन्ही मनात वेगळे ठेवलेत, तर समोरचा वकील काय बोलतो ते तुम्हालाही कळेल.

तुमचा २०१९ चा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असणार. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. कलमाचा नंबर बदलला, गाभा तोच आहे: पुरेसं साधन असलेल्या माणसाने बायको, अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल, आणि शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा सांभाळ करू न शकणारं सज्ञान मूल यांना पोसलं पाहिजे. शब्द "साधन" आहे, "पगार" नाही. पेन्शन, शेतीचं उत्पन्न, घरभाडं, ठेवीवरचं व्याज हे सगळं साधन आहे.

आणि आदेश आपोआप मरत नाही. परिस्थिती बदलली असेल तर रक्कम कमी-जास्त करून घेण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. पूर्वी तो कलम १२७ खाली असे, आता कलम १४६ खाली. यजमानांनी असा अर्ज देऊन न्यायालयाकडून नवा आकडा मिळवला नाही, तोवर १ जूननंतरही दर महिन्याला १४,००० रुपये देणं चढत राहणार. घरी बसून "मी निवृत्त झालो" म्हटल्याने एक रुपयाही कमी होत नाही. हे मी वडिलांच्या बाजूने काम करतानाही तितक्याच ठामपणे सांगते. निवृत्तीनंतर दोन वर्षं गप्प बसलेले आणि मग अडीच-तीन लाखांच्या थकबाकीचं वॉरंट हातात घेऊन रडत आलेले वडीलही मी पाहिले आहेत. कपात मिळते ती बहुतेक वेळा अर्जाच्या तारखेपासून. मागची थकबाकी पुसली जाईल या भरवशावर कुणी राहू नये.

आता तुम्ही प्रश्नात न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात तातडीची. तुमचा मुलगा १८ पूर्ण झाला, त्याला वर्ष लोटलं. २०१९ चा आदेश झाला तेव्हा तो अज्ञान मूल म्हणून पात्र होता. आता तो वेगळ्या खंडाखाली पात्र आहे, सज्ञान पण व्यंगामुळे स्वावलंबी होऊ न शकणारं मूल म्हणून. हक्क संपलेला नाही, पण कागदावर त्याचं कारण बदललं आहे. निवृत्तीच्या निमित्ताने पतीचे वकील अर्ज देतील, त्यात पहिलंच वाक्य "मुलगा सज्ञान झाला आहे" असं असेल. ते येण्याआधी तुमचा अर्ज दाखल झालेला असावा. सोबत जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र, वैश्विक दिव्यांग ओळखपत्र, तो जात असेल त्या विशेष शाळेचा किंवा कार्यशाळेचा दाखला, औषधांच्या आणि थेरपीच्या पावत्या जोडा. टक्केवारीबरोबर हेही लिहा की त्याला आंघोळ कोण घालतं, रस्ता एकट्याला ओलांडता येतो का, पैसे मोजता येतात का. न्यायाधीशाला ७५ या आकड्यापेक्षा ही माहिती जास्त कळते.

मुलीचं वेगळं आहे. कलम १४४ खाली तिला १८ पर्यंतच मिळेल. पुढे हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचं कलम २० आहे. स्वतःचा खर्च भागवता न येणाऱ्या अविवाहित मुलीला त्याखाली लग्न होईपर्यंत वडिलांकडे मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. त्याला अजून पाच वर्षं आहेत, आज त्याची चिंता नको.

आता आकड्यांकडे. समजा यजमानांचं शेवटचं मूळ वेतन ६०,००० आहे. जुन्या योजनेत त्यांचं निवृत्तिवेतन साधारण त्याच्या निम्मं, म्हणजे ३०,००० बसेल. (शासन सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी योजना. तुमच्या यजमानांची नोकरी त्याआधीची असणार असं धरते.) हिशोबापुरता महागाई भत्ता ५० टक्के धरू, म्हणजे १५,०००. एकूण ४५,०००. पण त्यांनी अंशराशीकरण घेतलं, आणि जवळजवळ सगळेच घेतात, तर ४० टक्के पेन्शन, म्हणजे १२,००० रुपये, पुढच्या १५ वर्षांसाठी विकल्यासारखे होतात आणि त्या बदल्यात सुमारे बारा लाख रुपये एकरकमी हातात येतात. मग दरमहा पेन्शन उरते १८,०००. महागाई भत्ता मात्र पूर्ण ३०,००० वरच मिळत राहतो. म्हणजे बँकेत जमा होणार ३३,०००.

शपथपत्रात काय लिहिलं जाईल सांगू? "माझं मूळ निवृत्तिवेतन फक्त १८,००० रुपये आहे." हे वाक्य खोटं नाही, आणि तरीही चित्र साफ चुकीचं आहे. त्यात महागाई भत्ता नाही, बारा लाखांचा उल्लेख नाही, उपदान (ग्रॅच्युइटी) नाही, रजा रोखीकरण नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. माझी भूमिका कायम हीच असते: अंशराशीकरण हा माणसाने स्वतःच्या मर्जीने घेतलेला पर्याय आहे. पुढच्या १५ वर्षांची पेन्शन आज उचलली, म्हणून मुलांच्या ताटातलं कमी करता येत नाही. एक तर पूर्ण ३०,००० धरून हिशोब करा, नाहीतर बारा लाख कुठे गेले ते दाखवा.

हे दाखवायला लावण्याचं हत्यार आपल्याकडे आहे. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात, ज्याला आम्ही वकील "रजनेश-नेहा" म्हणतो, सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र देणं बंधनकारक केलं. तुमचं जुनं प्रकरण त्याआधीचं आहे, त्यामुळे तेव्हा असं शपथपत्र झालंच नसेल. आता नव्या अर्जात ते मागा. ते तुम्हालाही द्यावं लागेल, तेव्हा शिवणकामाचे किंवा शिकवणीचे पैसे येत असतील तर लपवू नका. एक लपवलेला हजार रुपया तुमच्या दहा खऱ्या वाक्यांवरचा विश्वास घालवतो.

त्यांच्या शब्दावर न थांबता न्यायालयामार्फत कागद मागवा. कार्यालयातल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून) अंतिम वेतन प्रमाणपत्र, आणि निवृत्तिवेतन प्रकरणाची प्रत. पश्चिम महाराष्ट्राची प्रकरणं मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे मंजुरीला जातात, विदर्भ-मराठवाड्याची नागपूरला. तिथून निवृत्तिवेतन प्रदान आदेश, उपदान आणि अंशराशीकरणाचे आदेश निघतात, आणि कोषागारातून पैसे मिळतात. या आदेशांवर आकडे छापलेले असतात, त्यावर कुणाला वाद घालता येत नाही. माहिती अधिकारातही विचारता येतं. पोटगीचा वाद चालू असताना पतीच्या पगाराची माहिती निव्वळ खाजगी म्हणून नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. तरी माझा अनुभव असा की कार्यालयं टाळाटाळ करतात, अपिलात महिने जातात. न्यायालयाचं पत्र लवकर काम करतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे: अडवता येते का?

आज पगारातून कपात होते कारण कायदा पोटगीसाठी विशेष सवलत देतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये, इतर देण्यांसाठी पगाराचा मोठा भाग सुरक्षित ठेवला आहे, पण पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी फक्त एक तृतीयांश सुरक्षित. म्हणजे पोटगीसाठी दोन तृतीयांशापर्यंत पगार अडवता येतो. पण त्याच कलमाच्या खंड (छ) मध्ये सरकारी निवृत्तांची पेन्शन आणि उपदान जप्तीपासून वाचवलेलं आहे, आणि १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याचं कलम ११ सुद्धा तेच सांगतं. गेलेल्या सेवेबद्दल किंवा शारीरिक दुर्बलतेबद्दल सरकार जी पेन्शन देतं, ती धनकोच्या सांगण्यावरून जप्त करता येत नाही, असं त्याचं सूत्र आहे. "कोर्ट हात लावू शकत नाही" हे यजमानांचं वाक्य इथून आलेलं आहे.

पण धनको कोण? सावकार, बँक, उसने दिलेला मित्र. मूल धनको नसतं. नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये पतीच्या पेन्शनमधून पत्नीच्या पोटगीची वसुली करण्याला मान्यता देताना हाच मुद्दा धरला: पोटगी मागणारी पत्नी ही धनको नाही, म्हणून कलम ११ चं कवच तिच्याविरुद्ध चालत नाही. हा आपल्याच उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तुमच्या भागातल्या न्यायालयापुढे त्याला वजन आहे. मुलांच्या पोटगीला तोच तर्क आणखी घट्ट लागू होतो.

तरीही मी तुम्हाला फक्त या एका निकालावर उभं राहायला सांगणार नाही. समोरचे वकील कलमाची भाषा वाचून दाखवतील. बँकेच्या कर्जाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीच्या रकमांना दिलेलं संरक्षणही पुढे करतील. वाद होईल, तारखा पडतील. म्हणून निवृत्तीच्या आधीचे हे दोन-तीन महिने फार मोलाचे आहेत. पगार चालू आहे तोवर वसुली सोपी. ३१ मेनंतर एकरकमी पैसा येतो आणि कुठे जातो ते कळत नाही: भावाच्या नावावर प्लॉट, पुतण्याच्या धंद्यात "उसने", घराची डागडुजी. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत निवृत्तीनंतर नऊ महिन्यांनी आम्ही न्यायालयात पोहोचलो, तेव्हा वीस लाखांतले खात्यात अकरा हजार उरले होते. ते मी अजून विसरलेले नाही.

म्हणून आजच अर्ज द्या. त्यात तीन मागण्या हव्यात. निवृत्तीनंतर पोटगी कशी आणि कुठून येणार याचं लेखी हमीपत्र पतीने द्यावं. एकरकमी रकमेतला ठराविक भाग मुलांच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा, व्याज दरमहा आईच्या खात्यात यावं आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती मोडता येऊ नये. आणि घर किंवा शेतजमीन असेल तर तिच्यावर पोटगीचा बोजा ठेवावा. हा तिसरा मुद्दा लोक विसरतात. १९५६ च्या कायद्याखाली पोटगीचा बोजा आपोआप बसत नाही, आदेशात तो स्पष्ट लिहावा लागतो. १४४ च्या अर्जात न्यायदंडाधिकारी बोजाचा आदेश देतीलच असं नाही. त्यासाठी १९५६ च्या कायद्याखाली दिवाणी दावा करावा लागेल, तो तुमच्या वकिलांशी बोलून ठरवा. आदेश मिळाला की तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंद करून घ्या. मग जमीन विकली तरी घेणाऱ्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

थकबाकी झालीच तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यायचा, ही मुदत चुकवू नका. पोटगीचे महिने साचू देऊन एकदम मोठा अर्ज करायची सवय घातक आहे. मी सहा-सहा महिन्यांनी अर्ज देते. दंडाच्या वसुलीच्या पद्धतीने जंगम मालमत्ता जप्त होऊ शकते, जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते, आणि तरीही न दिल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगल्याने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे. पण अर्धांगवायू झालेल्या माणसाला तुरुंगात पाठवायला न्यायालय सहजी तयार होणार नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही ते नकोच असेल. तुमचा भर मालमत्तेवर असू द्या.

वॉरंट "दिलेल्या पत्त्यावर मिळून आले नाहीत" असा शेरा मारून परत येतं, ही नेहमीची तक्रार. पेन्शनर माणूस मात्र सरकारला हरवत नाही. दर नोव्हेंबरला त्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो, बँकेत जाऊन किंवा हल्ली मोबाईलवरून. बँकेकडे आणि कोषागाराकडे चालू पत्ता असतो. तो न्यायालयामार्फत मागवा.

आता त्यांच्या आजारपणाविषयी. हा भाग मला घाईने उरकायचा नाही, कारण इथे अन्याय दोन्ही बाजूंनी होतो.

सुदृढ माणसाने मजुरी करून का होईना बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगतं, २०२२ मध्येही सांगितलं. पण त्या वाक्यात "सुदृढ" हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धांगवायू झालेल्या ५८ वर्षांच्या माणसाला "दुसरी नोकरी कर" म्हणणं न्यायाचं नाही. निवृत्तीनंतर इतर लिपिक खाजगी संस्थेत हिशोब लिहून दहा-बारा हजार कमावतात. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तसं कल्पित उत्पन्न धरा असं मी न्यायालयाला म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. त्याने आपल्याच खऱ्या मागणीचं वजन कमी होतं.

पण अपंगत्व काय काढून घेतं आणि काय नाही, हे बघा. पुढची कमाई करण्याची ताकद गेली असेल. पेन्शन गेलेली नाही. ३३,००० रुपये त्यांच्या चालण्यावर किंवा हाताच्या पकडीवर अवलंबून नाहीत. ५० टक्के प्रमाणपत्र हे शरीराच्या हानीचं मोजमाप आहे, उत्पन्नाच्या हानीचं नाही. त्यांच्या औषधोपचाराचा, फिजिओथेरपीचा, मदतनिसाचा खरा खर्च पावत्यांसह दाखवला तर न्यायालय तो वजा धरेल, धरायलाही हवा. उरलेल्यातून मुलांचा वाटा निघतो.

असंच एक वेगळं प्रकरण वाचणाऱ्या इतर बहिणींसाठी. पती अजून नोकरीत असताना अपंग झाला आणि "आता मला नोकरी सोडावी लागणार" म्हणाला, तर लगेच मान्य करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे त्याच्यापुरतं निर्माण केलेलं जादा पद. त्यामुळे अशा माणसाने आपणहून रुग्णता निवृत्तिवेतन किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर उत्पन्न नशिबाने घटलं की त्याच्या निवडीने, हा प्रश्न न्यायालयापुढे मांडता येतो. निर्णय प्रामाणिक असू शकतो. कोर्टात विचारून घ्यायला मात्र हवं.

लष्करातल्या कुटुंबांचा प्रश्न आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सारखाच येतो, म्हणून दोन शब्द. सेवेतल्या जवानाच्या पगारातून बायकामुलांसाठी कपात करण्याचा अधिकार लष्करी कायदा, १९५० च्या कलम ९० आणि ९१ खाली लष्करी अधिकाऱ्यांनाच आहे. अनेक घरांत न्यायालयाचा आदेश कधी घेतलाच जात नाही, कारण युनिटमधून पैसे येत असतात. जवान निवृत्त झाला की ती कपात थांबते, आणि आईच्या हातात एकही न्यायालयीन कागद नसतो. ज्यांचं असं चालू आहे, त्यांनी निवृत्तीची वाट न पाहता १४४ चा अर्ज दाखल करून ठेवावा. लष्करी अपंगत्व पेन्शनमध्ये सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन घटक असतात. दोन्ही दरमहा हातात येतात, म्हणून दोन्ही शपथपत्रात लिहायला लावा. फक्त सतत मदतनीस लागणाऱ्या जवानाला मिळणारा मदतनीस भत्ता मी मुलांच्या हिशोबात धरू नका म्हणते. तो पैसा त्याला उठवणाऱ्या-बसवणाऱ्या माणसासाठी आहे.

खाजगी किंवा महामंडळाच्या नोकरीतल्यांचं चित्र वेगळं आणि बरंच उदास आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ ची पेन्शन किमान १,००० रुपये, आणि अनेकांना दोन-तीन हजारांच्या पलीकडे जात नाही. राज्य कामगार विम्यातून मिळणाऱ्या अपंगत्व लाभाला त्या विमा कायद्याच्याच कलम ६० चं कडक संरक्षण आहे. उत्पन्न म्हणून तो सांगावा लागतो, पण जप्त होत नाही. आणि वडील स्वतःच संजय गांधी निराधार अनुदानावर जगत असतील तर खरं सांगते, वकिलाची फी वाया घालवू नका. जमीन किंवा घर असेल तरच पुढे जा. उलट बाजूने, दिव्यांग मुलाला असं अनुदान मिळत असेल तर "त्याला सरकार देतं की" हे वडिलांचं उत्तर ऐकून घेऊ नका. ते अनुदान अगदी किमान गरजेपुरतं आहे, बापाची जबाबदारी हलकी करण्यासाठी नाही, असं मी प्रत्येक वेळी लेखी मांडते.

तुमच्या आकड्याचं काय होईल? भ्रमात ठेवत नाही. पगार साधारण लाखाच्या जवळ होता, आता ३३,००० येतील, आणि त्यांचा औषधांचा खर्च खरा आहे. १४,००० चे काही कमी होऊ शकतात. पण एकरकमी पैसा मोजला गेला आणि मुलाची गरज नीट मांडली गेली, तर मुलाचा भाग टिकवता येतो, आणि ठेवीचं व्याज मिळालं तर फरक भरून निघतो. तडजोडीचा प्रस्ताव आला तर ऐका. दोघांच्या सहीची पुरशीस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) देण्याआधी मात्र वकिलाकडून वाचून घ्या. "आईने मुलांच्या पोटगीचा हक्क सोडला" असं वाक्य त्यात असेल तर ते काढायला लावा, कारण तो हक्क मुलांचा आहे, तुम्हाला सोडताच येत नाही. रिव्हिजनची, म्हणजे आदेश उच्च न्यायालयाकडून तपासून घेण्याची, वेळ आली तर आता मुंबईला खेटे नाहीत, उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे आणि सांगली जिल्हा त्यात येतो.

तडजोडीत "पाच लाख घे आणि घटस्फोटाला संमती दे" असंही येईल. थांबा. आज तुम्ही कायद्याने त्यांच्या पत्नी आहात. त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क तुमचा आहे. घटस्फोटानंतर तो तुमचा राहत नाही. मुलांचा मात्र राहतो, आणि तुमच्या मुलासारख्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकतं. पोटगी बापाच्या हयातीपुरती असते. हे त्यानंतरचं आहे, आणि माझ्या मते तुमच्या मुलासाठी १४,००० च्या आकड्याइतकंच मोलाचं.

त्यासाठी पेन्शनच्या कागदांत मुलाचं नाव आणि त्याचं अपंगत्व नोंदलेलं असायला हवं. निवृत्तीच्या वेळी कुटुंबाच्या तपशिलाचा जो नमुना भरतात, त्यात वडिलांनी मुलाचं नाव घातलं आहे का, याची चौकशी आत्ताच करा. वेगळे राहणारे वडील कधी रागाने, कधी नुसत्या विसराळूपणाने ते गाळतात, आणि पंचवीस वर्षांनी म्हातारी आई कोषागाराच्या पायऱ्या चढत राहते. तुम्ही स्वतः कार्यालयप्रमुखांच्या नावाने अर्ज द्या: मुलाचा जन्मदाखला, अपंगत्व प्रमाणपत्र, आधार, २०१९ च्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडून, निवृत्तिवेतन प्रकरणात त्याची नोंद घ्यावी अशी विनंती करा, आणि प्रत महालेखापाल कार्यालयाला पाठवा. न्यायालयाच्या अर्जातही हीच मागणी चौथी म्हणून घाला. निवृत्तिवेतनाचं प्रकरण सहसा निवृत्तीच्या काही महिने आधीच महालेखापालांकडे गेलेलं असतं, त्यामुळे हा आठवडा वाया घालवू नका. कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका, आणि ती प्रत मुलाच्या प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.